ज्याला पक्के ठाऊक होते

माझी पत्नी धानाच्या रोवणीच्या दिवसांत, मंगळवारी सकाळी वारली. बुधवारी तिला भंडाऱ्याच्या कब्रस्तानात पुरले. गुरुवारी मी आसगावला परत आलो.

चार दिवसांचा ताप होता. आम्हाला मूल नव्हते. गावात ख्रिस्ती घर आमचे एकच, कारण मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि बदली मागायचा मला कंटाळा होता. बाकी सगळे गाव धान पिकवणाऱ्यांचे. त्यामुळे माणूस पेटीत घालून नेतात हे गावाने ऐकले होते, पाहिले नव्हते. सुताराने आयुष्यभर नांगर आणि बैलबंड्या केल्या होत्या. त्याने दोरीने तिचे माप घेतले आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “गुरुजी, कडी लावू का?”

“नको,” मी म्हटले.

“नाही, पेटी म्हटली का कडी लागते नं. मून इचारलं.”

पवनीहून मेटॅडोर आणली ती शेजाऱ्याने. तो माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा होता. मी त्याला भाऊ म्हणत असे. कब्रस्तानाच्या फाटकाशी त्याने चपला काढल्या आणि चिखलात अनवाणी आत आला. कुणी त्याला सांगितले नव्हते. त्या दिवशी त्याच्या बांधीत वीस बाया रोवणीला यायच्या होत्या, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, आदल्या दिवशीच उपटून ठेवले होते. ते वाळले. हे मला कितीतरी दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळले.

पाळकांनी कबरीशी सांगितले की आमची बहीण प्रभूकडे गेली आहे. हे वाक्य मी स्वतः भंडाऱ्याच्या मंडळीतल्या अनेक घरांत जाऊन बोललो होतो. माझे वडील ते बोलत, मी त्यांच्याकडून शिकलो. परतीच्या बसमध्ये मी ते मनात म्हणून पाहिले. शब्द बरोबर येत होते. ती कुठे आहे, हा प्रश्न मात्र तसाच शेजारी बसून होता, आणि गाव येईपर्यंत उठला नाही.

इथे सहा वर्षे मागे जायला हवे. आणीबाणी उठली त्या वर्षी भाऊची आई वारली. म्हातारीचे डोळे गेले होते, पण माझ्या पत्नीच्या पावलांचा आवाज ती ओळखायची. आमच्या भागात एक रीत आहे. माणूस जिथे गेले त्या जागेवर संध्याकाळी पीठ पसरतात, वर टोपले पालथे घालतात आणि सकाळी उचलून पाहतात. पिठावर जे पाऊल उमटले असेल, त्या रूपात माणूस पुढे गेले असे समजतात.

त्या सकाळी मी शाळेतल्या दोन मास्तरांना घेऊन भेटायला गेलो होतो. आम्ही दारातच होतो. भाऊने टोपले उचलले. त्याची बहीण भिंतीला धरून उभी होती. तो खाली वाकला, बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, “पाखराचं पाऊल हाये. माय पाखरू झाली.” बहीण मटकन खाली बसली आणि रडू लागली. ते रडणे सुटकेचे होते, एवढे मलाही कळले.

तरी मी बोललो. “भाऊ, पिठाला मुंग्या लागतात. मुंगीला सहा पाय असतात, नीट मोजून बघा.”

“गुरुजींनी इथंही तास घेतला,” बरोबरचा एक मास्तर म्हणाला, आणि आम्ही तिघे हसलो. मोठ्याने नाही. पण घरात ऐकू जाईल इतके.

भाऊने हाताने पीठ गोळा केले आणि आत नेले.

घरी येऊन मी ते पत्नीला सांगितले. मला वाटत होते, मी सत्याची बाजू घेतली आहे.

“त्यांची आई मेली होती,” पत्नी म्हणाली. “शाळा नव्हती ती.”

“पण हे सगळं खोटं आहे ना? आपल्याला खात्री आहे. त्यांच्याजवळ काय आहे? पीठ.”

“तुम्हाला आहे खात्री,” ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. रविवार न चुकवणारी बाई ती. तिने ‘तुम्हाला’ का म्हटले हे मी तिला विचारले नाही. विचारायला हवे होते.

तर तिला पुरून परतलो त्या गुरुवारी. दिवस अजून होता, पण पावसाळी उजेड, घरात अंधारूनच आले होते. तिची खाट कुणीतरी बाहेर उभी करून ठेवली होती. मी स्वयंपाकघरात गेलो, तांदळाच्या पिठाचा डबा आणि चाळणी घेतली. खाटेच्या जागी मी गुडघ्यांवर बसलो आणि पीठ चाळू लागलो. मी हे काय करतो आहे ते मला पूर्ण कळत होते. मला वेड लागले नव्हते. मला फक्त काहीतरी दिसायला हवे होते. मुंगीचे पाऊलसुद्धा चालले असते.

भाऊ भाताचे गंज, म्हणजे पातेले, घेऊन आला तेव्हा मी तसाच बसलेला होतो. त्याने पीठ पाहिले, चाळणी पाहिली. आता हा हसेल, असे मला वाटले. त्याचा तो हक्क होता.

गंज खाली ठेवून तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

“गुरुजी, हे तुमच्यात नाही नं?”

“नाही.”

“मंग कायले करून राहिले? बाईले आवडलं नसतं. तिचा देव वेगळा.”

“भाऊ,” मी म्हटले, “ती कुठं असेल?”

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी अजून विसरलेलो नाही. तो घाबरला होता.

“तुमाले ठाऊक नाही?”

मी चाळणी खाली ठेवली.

“माया मायच्या वक्ती,” तो पिठाकडे पाहत म्हणाला, “त्या पिठात काहीच नव्हतं, गुरुजी. कोरं होतं. मुंगी नाही, माशी नाही. बहीण दोन दिसांची उपाशी. तिले काय सांगू, पीठ कोरं हाये मून? सांगतलं पाखरू.”

“मला का नाही बोललात? मी तर…”

“तुमी दारात हासून राहिले होते. मले राग आला. मंग वाटलं, हा माणूस हासते, म्हंजे याले पक्कं ठाऊक असंन. एखांद्या दिशी एकटे सापडले का इचारीन, मायी माय कुठं हाये मून.” त्याने गंज माझ्याकडे सरकवले. “सहा वर्सं झाले. हिंमतच नाही झाली.”

सहा वर्षे तो माझ्या कुंपणापलीकडे राहत होता. त्याला भोळा समजून मी रोज त्याला नमस्कार करत होतो. तो मात्र मला जाणता समजत होता. त्याने रिकामे पीठ पाहून बहिणीला सावरले होते. मला कधी पाहावेच लागले नव्हते, आणि त्या न पाहण्यालाच मी श्रद्धा म्हणत आलो होतो.

“भाऊ, त्या दिवशी मी जे बोललो…”

“जेवा. भात थंडा होऊन राहिला.” त्याने दोन्ही हातांनी पीठ गोळा केले, डब्यात परत टाकले, हात झटकले. मग म्हणाला, “तुमचं पुस्तक वाचा नं थोडं. बाईसाठी. मी आयकतो.”

मी तिचे बायबल काढले. त्याने डोक्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर घेतला. मी वाचू लागलो. दोन ओळींवर अडलो. तो वाट पाहत राहिला. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केले. पुनरुत्थानाबद्दलचा तो भाग मला तोंडपाठ होता, तरी बोट ठेवून वाचला. पहिल्यांदाच मी ते कुणाला पटवण्यासाठी वाचत नव्हतो. त्याला ते पटले की नाही, ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. नंतर आम्ही एकाच गंजातला भात खाल्ला.

आता भाऊही नाही. मी निवृत्त झालो, पण गाव सोडले नाही. बस मिळाली तर रविवारी भंडाऱ्याला जातो, पाठीमागच्या बाकावर बसतो. प्रार्थना लवकर थकवते, तरी करतो. मी ख्रिस्ती आहे. माझी पत्नी प्रभूजवळ आहे असा माझा विश्वास आहे. दुसऱ्यांची माणसे कुठे गेली, हे मी कुणाला सांगत नाही.