किल्ल्याच्या दारात टाइल्सची खोकी

मंडळी, आज सकाळी जीव टांगणीला लागला होता.

कंधारच्या किल्ल्याची दुरुस्ती चालू आहे. बघायला गेले, तर दारातच चकचकीत टाइल्सची खोकी रचलेली. माझं डोकंच फिरलं. मिस्त्रीला विचारलं, "दादा, या जुन्या दगडावर टाइल्स बसवून राहिलात का?"

"न्हाई ताई," चुना कालवता कालवता तो म्हणाला. "दगडाला चुनाच लावायचा. टाइल्स खंदकाच्या बाहेर, बायांच्या संडासाला हायत."

हायसं वाटलं, मग हसूच आलं. लहानपणापासून हा किल्ला बघतेय, पण तिथे बायांसाठी संडासच नव्हता, म्हणून दरवेळी घरून पाणी न पिता निघते. आईनंच तसं शिकवलं.

काम झालं की आईलाच घेऊन जाणार, दोघी पोटभर पाणी पिऊन. तुमच्याकडच्या किल्ल्यावर बाया पाणी पिऊन जातात का?