अस्थींना झाड नाही

मंदी आली तेव्हा कंपन्यांनी आधी नोकऱ्या घेतल्या, मग व्हिसे. इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समध्ये माझ्यासोबत राहणाऱ्या काकांनी बायको-मुलीला पुण्याला पाठवून दिलं आणि स्वतः एकटे नोकरी शोधत मागे राहिले. एका दुपारी छातीत कळ आली. खलास. काकूंना येता येईना. दहन मी केलं, आणि अस्थी गुरुवारच्या विमानाने मीच नेणार होतो.

"घरात नको हं ठेवूस," काकू फोनवर म्हणाल्या. "बाहेर झाडाला टांगून ठेव."

झाड! एवढ्या उंच टॉवरमध्ये! खाली शोभेची खजुरीची झाडं आहेत, पण त्यांना अस्थींचा डबा टांगला असता तर सिक्युरिटीने पोलीस बोलावले असते. पुण्यात मी असल्या रूढींविरुद्ध पत्रकं लिहून चौकात वाटायचो. इथे पत्रक वाटणाऱ्याला थेट विमानात बसवतात. ते असो. पत्रक माझं होतं, नवरा त्यांचा. वाद घातला नाही.

तासाभराच्या अंतरावर, मोहम्मद बिन झायद सिटीत ओळखीच्या वहिनींच्या व्हिलाच्या आवारात कडुनिंब आहे. दर गणपतीत काका त्यांच्याकडे मोदक वळायला बसायचे. डबा घेऊन तिथे गेलो. वहिनींनी दारातच अडवलं.

"अरे, भाड्याचं घर आमचं. त्यात ह्यांच्या ऑफिसातही माणसं काढतायत. आत्ता असलं अशुभ नको रे, प्लीज."

"मोदक वळताना अशुभ नव्हते ते?"

"भाषण नको देऊस हं."

त्यांची मुलगी डब्याकडे बघत म्हणाली, "इज अंकल इन देअर?" तिला आत ओढून वहिनींनी दार लावलं.

डबा शेजारच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला. परत फिरवेना. काका नेहमी म्हणायचे, "अल ऐनला चल एकदा, तुला हाडांचं तळघर दाखवतो." तो योग कधी आला नव्हता. गाडी तिकडेच वळवली.

उन्हात डबा सोडवेना, म्हणून पिशवीत घालून संग्रहालयात नेला. हजारो वर्षांपूर्वीचा जमिनीखालचा दफनखड्डा, सापडला होता तसाच तिथे मांडलेला. कवट्या, मांड्यांची हाडं, बरगड्या, सगळं एकात एक गुंतलेलं. मधूनमधून मणी आणि मातीची भांडी. थडगं भरलं की जुन्यांची हाडं सरकवून नव्याला जागा करायची, अशी त्या लोकांची रीत होती म्हणे. सरकवायचे, पण हाकलत नव्हते. कोण कुठल्या कामाचा, कोण कधी आलेला, काही ओळखू येत नव्हतं. दालनात माझ्याशिवाय कुणी नाही. एसी तेवढा घरघरत होता.

"बघा, आलो," मी मोठ्याने म्हणालो. मग पिशवीला बिलगून बराच वेळ बाकावर बसलो.

संध्याकाळी लिफ्टने डबा सरळ वर नेला आणि काकांच्या खोलीत, त्यांच्या उशीशेजारी ठेवला. काकूंचा फोन आलाच.

"मिळालं का रे झाड?"

"नाही काकू. घरीच आणलंय त्यांना. त्यांच्या खोलीत."

मला वाटलं, आता रडतील, नाहीतर रागावतील.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग दिवा तरी लाव. अंधारात नको ठेवूस."

सगळ्या घरात वात शोधली. माझ्या घरात वात कुठली असणार? शेवटी त्यांचा टेबललॅम्प लावला आणि गुरुवारपर्यंत विझवला नाही.