ट्रेबलचं बटण

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षं मी सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवत होतो. वाजवायचो बेताचंच, मतं मात्र ठासून द्यायचो. आमचा गिटारवाला माझा शाळेपासूनचा मित्र. घरी तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच मराठी, आणि दिवसभर यंत्रमागावर चादरी. एका परदेशी रॉक रेकॉर्डवरून ऐकून ऐकून तो गिटार शिकला होता. रेकॉर्ड झिजून सुई घसरायला लागली तरी रोज लावायचा.

सुरुवातीला त्याच्या हाताला तोड नव्हती. बाकीचे गिटारवाले भराभर सूर टाकून मोकळे होतात. हा एकच सूर धरायचा, तार बोटानं वर ढकलून ताणायचा आणि आता तुटते की काय असं वाटेपर्यंत सोडायचा नाही. गिटार कलकत्त्याची, जुनी, मानेत जरा वाकलेली. अ‍ॅम्प्लिफायर सात रस्ता चौकातल्या एका रेडिओवाल्यानं लाकडी खोक्यात व्हॉल्व्ह बसवून केलेला. तो तापला की आवाज भरदार आणि किंचित खरखरीत यायचा. मला तो खरखरीतपणा फार आवडायचा. सिनेमाच्या गाण्यांच्या मध्ये पाच मिनिटं तो आपलं रॉक वाजवायचा, तेव्हा मागची पोरं खुर्च्यांवर उभी राहायची.

मग आवाज बिघडत गेला. सूर पातळ झाला, टोचायला लागला. बघितलं तर ट्रेबलचं, आवाजाला धार आणणारं, बटण शेवटपर्यंत पिळलेलं. मी ते मागे आणलं, त्यानं पुन्हा पुढे नेलं.

"लोकांचे दात शिवशिवत्यात की," मी म्हणालो.

"मला तर दबल्यागत वाटतंय बग. वाकळंतनं वाजतंय जणू."

"फॉरेनचं वारं लागलंय तुला, दुसरं काय न्हाय!"

तो नुसता हसला. बटण होतं तिथंच राहिलं.

पुढं लोक खरोखरच कानांवर हात ठेवायला लागले. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचं काय मत?" कुणी मत विचारलं की मी फुलून जायचो. म्हणालो, "हात अजून चांगला आहे, पण टोन गेला. सांगून ऐकत नाही. दुसरा बघा." त्यांनी दुसरा बघितला.

अ‍ॅम्प्लिफायर ऑर्केस्ट्राचा होता. तो परत आणायला मलाच धाडलं. दुपारी मी त्याच्या कारखान्यात गेलो. एवढी जुनी मैत्री, पण मागांच्या शेडमध्ये मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यानं हातानंच थांबायची खूण केली. पाळी सुटायला दोन तास होते. मी भिंतीला टेकून बसलो. वीसेक माग एकदम धडधडत होते, माझ्या पाठीमागची भिंतसुद्धा हादरत होती. शेजारचा कामगार नुसते ओठ हलवत होता आणि याला सगळं कळत होतं.

पाळी सुटल्यावर घरी नेऊन त्यानं खोकं फडक्यानं पुसून दिलं. "व्हॉल्व्ह गरम झाल्याबिगर वाजवू नगं म्हणावं त्या नव्या गिटारवाल्याला," एवढंच बोलला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन खोकं दाराआड ठेवलं आणि रेडिओ लावला. आवाज दबलेला येत होता. म्हटलं, हाही बिघडला. टोनचं बटण पिळलं, आणखी पिळलं, शेवटाला नेलं, तेव्हा कुठं जरा बरं वाटलं. तेवढ्यात आई कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरातून आली. तिचे ओठ हलताना दिसले, शब्द मागून कळले.

"किती कर्कश ते! कमी कर आधी."

माझा हात बटणावरच राहिला.

सकाळपर्यंत माझे कान मोकळे झाले. त्याचे, रोज त्या मागांत असलेले, आता होणार नव्हते. मालकांना हे सांगायला हवं होतं, त्याला तर त्याहून आधी. पण माझं मत चुकलं हे तोंडानं म्हणायची मला लाज वाटली. अ‍ॅम्प्लिफायर पोचवला तेव्हा मालकांनी विचारलं, "बिघाड काय नव्हता ना?"

"नाही," मी म्हणालो, "बटणं सगळी ठीक आहेत."