निळी पेटी

बेटावर सगळे त्यांना पारेकाका म्हणत. दिवसातून तीनदा तापमापकातला पारा बघायचा आणि वहीत लिहायचा, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. स्वतःचा पाराही चटकन चढायचा, त्यामुळे नाव दोन्हीकडून शोभत होतं. पाऊस मोजायच्या भांड्याजवळ कुणी नुसतं उभं राहिलं तरी आतून आरोळी येई, "लांब हो! थेंब अडतायत!"

हवामान केंद्राच्या आवाराच्या मधोमध चार पायांवर झडपांची लाकडी पेटी होती, तापमापक तिच्यात. पेटी पांढरीच हवी, दुसरा रंग ऊन शोषतो आणि आकडे चुकतात, हा नियम ऑफिसच्या भिंतीवर काकांनीच चिकटवला होता. नियम मोडणाऱ्याला त्यांच्या लेखी माफी नव्हती. बदली माणसाने एकदा पेटीच्या पायाला टॉवेल वाळत घातला, तर काका त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

यंदा बोटीने चौघांचं संशोधन पथक आलं. आठवडाभरात चौघांची नाकं उन्हाने सोलून निघाली. काका त्यांना हसले, पण वह्या मात्र कौतुकाने काढून दिल्या. इतक्या वर्षांत त्या वह्या कुणी वाचायला मागितल्याच नव्हत्या.

वह्या दिल्यावर चौथ्या दिवशी पथकाच्या मॅडमनी त्यांना बोलावलं. समोर तीन वर्षांपूर्वीची वही उघडी होती.

"काका, इथे आठ महिने दुपारचं तापमान दीड अंशाने जास्त आहे. मग एकदम खाली. शेजारच्या बेटावर असं काहीच नाही."

"असेल," काका म्हणाले.

"कारण कळायला हवं. नाही कळलं, तर सव्वीसच्या सव्वीस वर्षांवर भरवसा ठेवता येणार नाही. सगळ्या वह्या बाजूला ठेवाव्या लागतील."

काका खोलीवर आले आणि खिडकीशी असलेल्या रिकाम्या पलंगावर बसले. तीन वर्षांपूर्वी काकू याच पलंगावर होत्या. दवाखान्याने हात टेकल्यावर त्या हट्टाने बेटावर परतल्या होत्या. या खिडकीतून समुद्र दिसत नाही. दिसते फक्त ती पेटी.

"पांढरं बघून बघून जीव विटला हो," काकू एकदा म्हणाल्या होत्या. "दवाखान्यात पांढरं, इथेही पांढरं. आणि इतकी वर्षं माझी सवत आहे ती. एकदा नटू दे की तिला!"

होडीला लावून उरलेला निळा रंग घरात होता. काका दोन दिवस डबा उघडून पुन्हा बंद करत राहिले आणि तिसऱ्या दिवशी ब्रश घेऊन आवारात उतरले. "डावा कोपरा राहिला बघा!" काकू खिडकीतून ओरडत होत्या. आजारपणात त्या तेवढ्याच एकदा पोटभर हसल्या. पुढचे आठ महिने पारा चढलेला दिसे. का ते काकांना ठाऊक होतं, पण पारा दाखवेल तेच ते लिहीत गेले. काकू गेल्या, त्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी पेटी घासून तिला वरून पुन्हा पांढरा रंग दिला.

आता सांगावं तर जाणूनबुजून नियम मोडल्याचं कबूल करायचं. न सांगावं तर सव्वीस वर्षं पाण्यात. दुपारी दोनचा पारा लिहून झाल्यावर काका मॅडमना हाताला धरून पेटीपाशी घेऊन गेले आणि डावा कोपरा नखाने खरवडला. पांढऱ्याखालून निळा निघाला.

"मीच रंगवली होती. बायकोला बघायला."

पथकातला एक जण म्हणाला, "पण काका, नियम माहीत नव्हता तुम्हाला?"

"भिंतीवर मीच चिकटवलाय. वर काय कळवायचं ते कळवा. माझी तक्रार नाही."

"तारखा आठवतात?" मॅडमनी विचारलं.

काकांनी वही न बघता दोन्ही तारखा सांगितल्या. कुठल्या दिवशी रंगवली, कुठल्या दिवशी घासली. मॅडमनी त्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. दोन्ही तंतोतंत जुळल्या. मग त्यांनी पेटीसमोरच्या खिडकीकडे पाहिलं.

"पेटीचा रंग बदलला होता, तेवढंच कळवते," त्या म्हणाल्या. "वह्या सगळ्या राहतील, काका. फक्त हे आठ महिने वगळावे लागतील. चालेल ना?"

"वगळा," काका म्हणाले. "ते हवामानाचे नव्हतेच. तिचे होते."