खुर्चीवरचा टॉवेल

नवा माणूस दारात दिसला की अण्णा आधी टॉवेल झटकत. दोन टोके चिमटीत धरायची, हात खांद्यापर्यंत न्यायचे आणि मनगटाला एकच हिसका द्यायचा. 'फट्ट' असा आवाज होई, टॉवेल क्षणभर हवेत ताठ राही आणि मग खुर्चीवर एकही सुरकुती न पडता अंथरला जाई. मग त्या माणसाकडे न पाहता, जणू खुर्चीलाच सांगत असल्यासारखे, ते म्हणत, "कूसोंडी." तेलुगूत याचा अर्थ 'बसा'. एरवी आमच्याशी ते मराठीतच बोलत. पण हा एक शब्द त्यांनी कधी भाषांतरित केला नाही, आणि आम्हांलाही त्याची गरज वाटली नाही.

काही माणसांच्या स्वागताला शब्दांपेक्षा एखादी कृतीच पुरेशी असते, हे तुम्हीही पाहिले असेल. अण्णांच्या त्या कृतीमागे मात्र एक कारण होते. ते नीट कळावे म्हणून थोडे क्रमाने सांगतो.

सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, अण्णांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे खाली टॉवेल विणणारे मोजके माग आणि वर राहते घर. वय झाल्यावर त्यांनी माग विकले. खालची जागा मोकळी झाली. छताच्या वाशांना चिकटलेली सुताची रुई तेवढी राहिली. मी एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. रस्त्यात भेट झाली तर "काय ओ सर, बरं का?" आणि "बरं आहे," एवढाच आमचा परिचय.

पुढे माझे प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी, अक्रोडाएवढी ग्रंथी. ती काढल्यावर काही महिने अनेकांना लघवीवर ताबा राहत नाही. डॉक्टरांनी हे मला आधी सांगितले होते आणि मी मान डोलावली होती. विद्यार्थी न समजताही मान डोलावतात, तशीच ती होती.

त्यानंतर मी घराबाहेर पडेनासा झालो. तळ्यावरचे संध्याकाळचे फिरणे थांबले. गड्ड्याच्या जत्रेला सारे घर गेले, मी गेलो नाही. घरातही सोफ्यावर बसत नसे. पाहुणे आले की मी खिडकीशी उभा राही आणि पाठ दुखते म्हणून सांगे. शाळेतून शिक्षकदिनाचे निमंत्रण आले, तेही मी नाकारले. ज्या माणसाने आयुष्यभर चाळीस डोळ्यांसमोर उभे राहून शिकवले, त्याला आता चार माणसांत बसण्याचीही भीती वाटू लागली होती. आजारापेक्षा त्या भीतीने मी अधिक खचलो होतो.

एके दिवशी दुपारी अण्णा काखेत पुडके घेऊन दारात उभे राहिले.

"सर, ऐकलं. तुमचं पण झालं म्हणे."

"काय झालं?" मी सावध होऊन विचारले.

"तेच की. जे माझं झालं. प्रोस्टेट."

आमच्या घरात तो शब्द कोणी आवाज न उतरवता उच्चारला, तो तेव्हा पहिल्यांदा. स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज एकदम थांबले. अण्णांनी पुडके सोडले, माझ्याच घरात माझ्याच खुर्चीवर गडद मरून रंगाचा जाड टॉवेल झटकून अंथरला आणि म्हणाले, "कूसोंडी."

मी बसलो. किती दिवसांनी निर्धास्त बसलो, ते मलाच ठाऊक.

"रविवारी सकाळी कारखान्यात या. आपल्यासारखे आहेत थोडे. घरात बसून बरा झालेला माणूस मी अजून बघितला नाही, सर."

"पण तिथे करायचं काय?"

"काय नाही ओ. बसायचं. येताना टॉवेल आणायचा. तुमचाच आहे तो आता."

असा मी त्या मंडळीत दाखल झालो. तिथला नियम एकच होता, तो म्हणजे प्रत्येकाच्या खुर्चीवर टॉवेल. कोणाला गरज आहे आणि कोणाला नाही, हे विचारायचे नाही. रंगही सर्वांचा तोच मरून, कारण त्यावर ओल दिसत नाही. आयुष्यभर टॉवेल विणलेल्या माणसाने इतका विचार केला, यात नवल नाही. विशेष हे की, ज्याला मुळीच गरज नव्हती त्यालाही त्यांनी टॉवेलावरच बसवले. एकदा एक तरुण डॉक्टर आम्हांला माहिती द्यायला आले. अण्णांनी त्यांच्याही खुर्चीवर टॉवेल झटकला. डॉक्टर थबकले.

"साहेब, हितं सगळ्यांना," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी आमच्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ते बसले. त्या दिवशी त्यांना आम्ही असे प्रश्न विचारले, जे दवाखान्यात टेबलापलीकडून कोणी विचारले नव्हते.

कामांची वाटणीही अण्णांनी करून टाकली होती. नवा माणूस आला की ते मला हाक मारत, "सर, तुमचं अक्रोड काढा." मग मी भिंतीवरच्या फळ्यावर रंगीत खडूने आकृती काढून ग्रंथी कुठे असते, रक्ताच्या तपासणीतून काय कळते, हे समजावून देई. त्यानंतर व्यायाम होई. लघवी अडवताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचे आणि सोडायचे. बाहेरून काही दिसत नाही. अण्णा सूचना देत, "आवळा... धरा... तोंड वाकडं करू नका ओ! सत्काराला बसलाय असं तोंड ठेवा... सोडा." बाहेरून जाणाऱ्याला वाटावे, आत ज्येष्ठ मंडळी एखादे गंभीर प्रवचन ऐकत आहेत.

गल्लीचा तर्क निराळाच होता. दर रविवारी सारखेच टॉवेल घेऊन लोक येतात-जातात, तेव्हा अण्णांनी पुन्हा धंदा सुरू केला असणार! एका शेजाऱ्याने येऊन विचारलेही, "अण्णा, तो मरून टॉवेल आपल्याला पण पाहिजे की."

"देतो की," अण्णा म्हणाले, "पण त्याची अट लई कडक आहे, बाबा. देव करो आणि तुला तो कधी न मिळो."

शेजारी गोंधळून गेला. आम्ही मात्र इतके हसलो की दोघा-तिघांना तातडीने मागच्या मोरीकडे जावे लागले. हेही त्या मंडळीतच शक्य होते. तिथे हसताना धास्ती नव्हती.

मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी आले तो रविवार माझ्या लक्षात आहे. पुढे आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणू लागलो. जावयाने त्यांना जवळजवळ धरून आणले होते. अण्णांनी टॉवेल झटकला, "कूसोंडी" म्हटले. पण मामा भिंतीला पाठ लावून उभेच राहिले.

"मी हितं उबाच बरा हाय. मला काय बी झालं न्हाय. ह्यानं उगं आनलंय."

एसटीचा प्रवास लांबचा. मामांचे धोतर मागून भिजले होते, आणि म्हणूनच त्यांची पाठ भिंत सोडत नव्हती. हे आम्हा प्रत्येकाला कळले, कारण प्रत्येकजण कधी ना कधी तसाच भिंतीला टेकून उभा राहिलेला होता. अण्णा उठले. त्यांनी स्वतःचा टॉवेल उचलला, झटकला आणि पुन्हा अंथरला. मग शेजारचा उठला, त्यानेही तेच केले. मी उठलो. बघता बघता सगळा कारखाना उभा राहिला आणि टॉवेल झटकू लागला. त्या गडबडीत मामा कधी बसले ते कोणी पाहिले नाही. पाहायचेच नव्हते.

चहा झाल्यावर मामांनी खरे काय ते विचारले. "डाक्टर म्हनतोय सुई घ्या म्हून. त्या सुईनं मानूस बाईवानी हुतो म्हनं. खरं हाय का?"

मामा म्हणत होते ती, कॅन्सर रोखण्यासाठी पुरुषी हार्मोन दाबणारी सुई. जावई मान खाली घालून बसला. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "माझं ऑपरेशन झाल्यावर आजार परत आला. तेव्हापासून मी तीच सुई घेतो, मामा. मिशी बघा, आहे का? फक्त अंगातनं वाफा निघतात, थंडीत पण पंखा लागतो."

"आन घरात? मालकीन?"

"ती आता भीत नाही मला." अण्णांनी एकदा जिन्याकडे पाहिले. "पण आधी पण भीत नव्हती."

मामांच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू फुटले. अण्णा गंभीर झाले. "काही गोष्टी जातात, मामा. खोटं कशाला सांगू? पण सुई नाही घेतली तर माणूसच जातो. मग बाप्या काय नि बाई काय?"

"ज्वारी काढनीला आलीया..."

"सुई घ्या आणि काढणीला जा. आम्ही पुढच्या हुरड्याला येतो."

मामांनी ती सुई घेतली. हुरड्याचे दिवस त्या वर्षी होऊन गेले होते. पण पुढच्या हंगामात ते भाजलेल्या हुरड्याचे गाठोडे घेऊन आले आणि स्वतःचा टॉवेल स्वतःच अंथरून बसले. मीही त्या वर्षी शाळेचे निमंत्रण स्वीकारले. पिशवीत टॉवेल होता. व्यासपीठावरच्या खुर्चीवर तो शांतपणे घातला आणि पूर्ण कार्यक्रम बसलो.

यानंतरचा भाग लिहिताना लेखणी थोडी जड होते. एका रविवारी आम्ही गेलो तर कारखाना उघडा होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या. पण अण्णा नव्हते. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, जिन्यावरून चहाचा ट्रे घेऊन उतरल्या. त्या नेहमी एवढ्याचसाठी खाली येत. ट्रे ठेवत आणि आमच्यात न थांबता परत जात.

"गावाला गेलेत," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारीही "गावालाच." तेवढ्यात वरून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला आम्हां सर्वांच्या ओळखीचा होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि मग सांगितले. आजार हाडांत उतरला होता. लघवीसाठी नळी आणि पिशवी लावली होती. "कोणाला वर पाठवू नको म्हणतात. असं कोणी बघायला नको म्हणतात."

कोणी म्हणाले, त्यांची इच्छा राखावी. कोणी म्हणाले, फोन करावा. मामा मात्र उसळले. "व्हय की! आमाला घरातनं वडून आनलं, आनि सवता माळ्यावर लपून बसलाय व्हय? चला!"

तो जिना अरुंद आणि उभा. आमच्यात कोणाचे गुडघे दुखत, कोणाला धाप लागे, आणि ताब्याचा प्रश्न तर सर्वांचाच. तरीही एकेक खुर्ची हातोहात वर गेली. मधल्या पायरीवर एकाने "थांबा, थांबा!" म्हटले, तेव्हा का थांबायचे हे विचारावे लागले नाही. वर पोचलो तेव्हा अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पलंगाच्या कडेला पिशवी टांगली होती.

"सर, आज वर्ग नाही," ते भिंतीलाच म्हणाले. "जावा तुम्ही."

मी माझा टॉवेल काढला, दोन टोके धरली आणि झटकला. आवाज झाला नाही. टॉवेल लोंबकळून माझ्याच गुडघ्याभोवती गुंडाळला गेला. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

भिंतीकडचे तोंड हळूहळू वळले. थोडा वेळ अण्णांनी माझी धडपड पाहिली आणि मग त्यांना राहवेना.

"असं नाही ओ सर! मनगटातनं... मनगटातनं!" त्यांनी अंथरुणातच हात उंचावून हिसका दाखवला आणि हसू लागले. हसता हसता डोळे पुसू लागले. पिशवी झाकण्यासाठी वहिनी पुढे झाल्या. अण्णांनी मानेनेच 'नको' म्हटले. मग आमच्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "कूसोंडी."

त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही वरच भरवले. कोणी ट्रंकेवर बसे, कोणी उंबऱ्यावर. टॉवेल मात्र प्रत्येकाचा. "आवळा... धरा..." ही सूचना अण्णा पलंगावरून देत. आवाज बसल्यावर बोटांनी देत. मला ते दर वेळी टॉवेल झटकायला लावत आणि दर वेळी नापास करत. शेवटच्या रविवारी त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले, आणि मी तो प्रयत्न त्यांना हसू यावे म्हणून केला होता की मला रडू येऊ नये म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदा आम्ही खाली जमलो तेव्हा सगळ्यांनी टॉवेल आवाज न करता अंथरले. एवढ्यात एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात तपासणीच्या कागदांची पिशवी, पाठ दाराच्या चौकटीला. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांना काय म्हणायचे ते प्रत्येकाला ठाऊक होते. पण पुढे कोणी होईना.

तेवढ्यात मागे 'फट्ट' असा आवाज झाला.

आम्ही दचकून वळलो. चहाचा ट्रे पायरीवर ठेवून वहिनी उभ्या होत्या. मरून टॉवेल हवेत क्षणभर ताठ राहिला आणि अण्णांच्या खुर्चीवर एकही सुरकुती न पडता उतरला. त्या नव्या माणसाकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"कूसोंडी," त्या खुर्चीला म्हणाल्या.

ते गृहस्थ बसले. वहिनींनी भिंतीजवळची आणखी एक खुर्ची ओढली, तिच्यावर टॉवेल टाकला आणि प्रथमच आमच्यात बसल्या. मग मामा म्हणाले, "सर, अक्रोड काढा," आणि मी खडू हातात घेतला.