मेजरचं बारसं

कानिफनाथ जामखेडला फ्लेक्स छापतो. स्टँडपासून तहसीलपर्यंत जेवढे हसरे चेहरे टांगलेले दिसतात, त्यातले निम्मे त्याच्या दुकानातले. भावी नगरसेवक, कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान. पूर्वी तो भिंती रंगवायचा. खतं, बियाणं, सिमेंट. मशीन आलं आणि ब्रश सुटला. भिंतीवरचं सिमेंट निदान खरं असायचं, असं तो एकदा म्हणाला.

मी एम.ए. मराठी. नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडे मजकूर लिहितो. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला दादा. विशेषणं मी पुरवतो, चेहरे तो गोरे करतो. या दुकानातून कुणाबद्दल वाईट शब्द कधी बाहेर पडला नाही. धंदाच तसा आहे.

त्याचं लग्न जमता जमता राहिलं. घरी तो आणि आई, छबूबाई. गेल्या हिवाळ्यात त्यानं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. दोन महिन्यांचं, मातकट पिवळं, पोट टम्म. त्यानं जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लगेच आणा, पहिली लस देऊन टाकू. लसीचं कार्ड मिळेल, त्यावर पुढच्या तारखा असतील, कुत्र्याचं नाव असेल.

इथं सगळं अडलं. पिल्लाला नाव नव्हतं.

मी म्हणालो, काहीही लिहून टाक.

"काहीही कसं? एकदा कार्डावर चढलं की चढलं. आत्यानं कानात सांगितल्याबिगर नाव लागतं व्हय?"

छबूबाईंनी दुजोरा दिला. आधी बारसं, मग दवाखाना. पुढचा रविवार धरला.

नाव ठरलं मेजर. वस्तीत निवृत्त फौजी तीन आहेत, तिघांनाही सगळे मेजरच म्हणतात. कानिफ तिघांकडे जाऊन परवानगी मागून आला. दोघं हसले. तिसरे म्हणाले, चालंल, पण कुणाच्या दारी शेपूट हलवायला जाऊ देऊ नको.

बारसं रीतसर झालं. फ्लेक्स दहा बाय सहाचा. मधोमध मेजर, कडेनं शुभेच्छुकांचे गोल फोटो. मजकूर माझा. अंगणात साडीची झोळी बांधली. कानिफची बहीण ज्ञानेश्वरी कर्जतहून आली. तिनं आत्या म्हणून पिल्लाच्या कानात कुर्र केलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्या वाटल्या.

कानिफचा मित्र ओम आणि त्याच्या ग्रुपची पोरं आपापली कुत्री घेऊन आली होती. ते आमंत्रणातच होतं. ओमचा रॉकी चार महिन्यांचा, गळ्यात पितळी साखळी. मेजर हातोहात फिरला. सगळ्या कुत्र्यांनी एकाच परातीत दूध प्यायलं. त्याचा व्हिडिओ आहे. खाली कुणीतरी लिहिलंय, एकी असावी तर अशी.

सोमवारी दवाखान्यात जायचं होतं. सोमवारी एका पतसंस्थेचं मोठं काम आलं. मग गुरुवार. गुरुवारी दवाखान्यात गर्दी होती. शनिवारी मेजर जेवला नाही.

छबूबाई म्हणाल्या, नजर. इतक्या लोकांनी घेतला, लागणारच. मिरच्या ओवाळून जाळल्या. आम्ही सगळे खोकलो, मेजर खोकला नाही. त्याला उलटी झाली. ओम बघायला आला.

"जंत हाईत. आमच्या रॉकीला पन झाल्ते. गोळी दे."

गोळी दिली. ती उलटून पडली. छबूबाईंनी ताक पाजलं. तेही पडलं. दुसऱ्या दिवशी जुलाबात रक्त आलं आणि सगळ्या खोलीला वास सुटला. मग कानिफनं त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टर मॅडमनी लांबूनच वास घेतला. तपासणीआधीच त्यांनी सहायकाला बाहेरचं टेबल पुसायला सांगितलं.

"पारवो. लस?"

"द्यायची हुती. नाव ठेवायचं राह्यलं हुतं."

"म्हणजे?"

त्यानं सांगितलं. मॅडम सलाईनची सुई शोधत होत्या. "नावाची जागा मोकळी सोडली असती मी," त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी समजावलं. या विषाणूवर थेट औषध नाही. अंगातलं पाणी टिकवायचं, उलटी थांबवायची, दुसरा संसर्ग होऊ द्यायचा नाही, बाकी पिल्लानं झगडायचं. उलटी थांबेपर्यंत तोंडावाटे काही द्यायचं नाही. ताक तर नाहीच.

"माझ्याकडं कुठनं आला?" कानिफनं विचारलं.

"आलेल्या कुत्र्यांकडून. नाहीतर माणसांच्या चपलांवरून. मातीत कित्येक महिने राहतो. आता तुमच्या अंगणातपण आहे. बाकीच्या कुत्र्यांना लस झालीय का, विचारलंत?"

कानिफनं मेजरवरचा टॉवेल सारखा केला.

दोन वेळा दवाखाना, मधल्या वेळात दुकान. मेजरला तो मागच्या खोलीत ठेवायचा. मॅडमनी लावून दिलेली सलाईनची बाटली एका तयार फ्लेक्सच्या चौकटीला टांगलेली असे. फ्लेक्सवरचे भावी नगरसेवक हात जोडून खाली पिल्लाकडे बघत. गिऱ्हाईक आलं की कानिफ बाहेर यायचा, चेहरा गोरा करायचा, परत जायचा. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दर वेळी हात साबणानं धुवायचा.

बुधवारी उलटी थांबली. मेजरनं शेपटी एकदा हलवली. छबूबाई म्हणाल्या, उतरली नजर.

गुरुवारी सकाळी कानिफच्या मांडीवरच मेजरनं जीव सोडला.

दुपारपर्यंत ग्रुपवर निरोपांचा पाऊस. ओमचा फोन स्पीकरवर होता.

"भावा, लई वाईट झालं. चौकात मोठा लावायचा. वर मेजर, खाली आमी शोकाकुल. माझा काळ्या गॉगलवाला घे. न्हाई, गॉगल नको, दुखाचा हाय."

"ओम, रॉकीला लस झालीय?"

"त्याला काय धाड भरलीय? फोटोचं बघ तू."

मी लिहायला बसलो. "अकाली" लिहून झालं होतं.

"राहू दे मास्तर," कानिफ म्हणाला. "मी टाईप करतो."

तो फ्लेक्स शुक्रवारी चौकात लागला. पांढरा, काळी अक्षरं, फोटो नाही.

"माझा कुत्रा पारवो रोगाने मेला. मी लस दिली नव्हती. आधी बारसं केलं. बारशाला आलेल्या कुत्र्यांना हा रोग होऊ शकतो. उलटी-जुलाब झाले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आजारी नसतील त्यांना लस द्या. माझ्या अंगणात पिल्लू आणू नका. कानिफनाथ."

मी चौकात उभा राहून तो परत परत वाचला. आपलीच चूक दहा बाय सहा छापलेली मी जामखेडात कधी बघितली नव्हती. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, कुठल्या पक्षाचा आहे हा?

संध्याकाळी ओम दुकानात आला.

"आमाला रोगी ठरवतो व्हय? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई. आन फोटो एक न्हाई. एवढं श्रद्धांजलीला माणूस फोटो तरी टाकतो."

"श्रद्धांजली न्हाई ती."

"मग काय हाय?"

"वाच की."

"वाचलं," ओम म्हणाला आणि गेला.

रविवारी रॉकीला उलटी झाली. ओमनं त्याला त्याच तासाला दवाखान्यात नेलं. मिरच्या नाहीत, गोळी नाही. रॉकी आठवडाभर सलाईनवर होता. वाचला. बाकीच्यांच्या कुत्र्यांना लस झाली. मॅडम म्हणे चकित झाल्या, अख्खा ग्रुप रांगेत उभा.

महिन्यानं ओम पेनड्राईव्ह घेऊन आला. रॉकीचा पुनर्जन्म सोहळा. वर रॉकी, शेजारी ओम गॉगल घालून, खाली अख्खा ग्रुप. सगळी कुत्री येणार, ग्रुपमधली नवी पिल्लंही.

"नव्या पिल्लांची कार्डं दाखव," कानिफ म्हणाला.

"कसली कार्डं?"

"लसीची. त्याबिगर कुत्र्याचा फ्लेक्स निघत न्हाई इथं."

"आन मानसांचा?"

"मानसांचं काय विचारत न्हाई मी."

ओम हसला. मग त्याच्या लक्षात आलं, हा गंमत करत नाही. त्यानं पेनड्राईव्ह काढून घेतला आणि रस्ता ओलांडला. समोरच्या फ्लेक्सच्या दुकानात कार्ड मागत नाहीत. दोन तासांत फ्लेक्स तयार. कुत्र्यांच्या वाढदिवसांचं सगळं काम आता तिकडेच जातं. कानिफ दारात उभा राहून येणारी-जाणारी पिल्लं बघतो आणि प्रत्येकाच्या मालकाला हाक मारून विचारतो, लस झाली का?

बहुतेक जण ऐकू न आल्यासारखं करतात. काही थांबतात.