अखंड दिवा आणि बंद खिडक्या

गॅस एजन्सीत तक्रारींचे फोन मीच घेते. वास येतोय म्हटलं की माझी टेप सुरू: रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बटणाला हात लावू नका, काही पेटतं ठेवू नका. इतकं सांगूनही लोक बेल वाजवतात. मूर्ख कुठले, म्हणायचे मी.

त्या नवरात्रात आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या तळमजल्याच्या घराच्या सगळ्या खिडक्या मीच बंद केल्या होत्या. आतल्या खोलीत घट बसलेला, शेजारी अखंड दिवा. त्याला वारा लागू नये म्हणून सासूबाई खोलीचं दारही लावून बसायच्या. नवऱ्याची बायपास दसऱ्यानंतर ठरली होती. नऊ दिवस दिवा राहिला तर मुलगा राहील, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलेलं. मी हसले नाही. भीती मलाही होतीच.

सातव्या माळेला दुपारी लवकर घरी आले. सवयीने बेलकडे हात गेला आणि दाराखालून वास आला. हा गॅस जड, जमिनीवरून सरकत जातो, आणि दिवा जमिनीवरच, एका दाराच्या फटीपलीकडे. आत सासूबाई एकट्याच. फोन करावा तर त्यांचा मोबाईल नेहमी हॉलमध्ये चार्जिंगला. समोरच्या भाभींनी दार उघडलं. "भाभी, बेल मत बजाना, लाइट भी मत लगाना, सबको बाहर निकालो," असं ओरडून मी मागच्या खिडकीकडे पळाले आणि काचेवर थापा मारल्या.

"आई, गॅस सुटलाय! दिवा, धूप मालवा, खिडकी उघडा. दार उघडू नका!"

काचेआडून त्या बघत राहिल्या. "मला काय वास येत नाय गो." धुपाने खोली भरलेली, येणार कुठून? "आणि दिवा नाय मालवायचा. दोनच दिवस ऱ्हायलेत."

मी ओरडले, रडले, हात जोडले. त्या हलेनात. मला त्यांचा राग आला, देवीचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. परक्यांना रोज पढवणारी मी, घरात मात्र स्वतःच्या हाताने कड्या घातल्या होत्या. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. चावी आहे माझ्याकडे. मीच आत जाते गॅस बंद करायला."

"थांब!"

त्या वळल्या, पेटती वात चिमटीत धरून तेलात बुडवली, धुपावर तांब्या ओतला आणि खिडकी उघडली.

मग मी आत शिरले. पुढचं दार सताड उघडं ठेवलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. ओट्यावर दूध उतू गेलं होतं आणि त्यानेच शेगडी विझली होती. दूध ठेवून सासूबाई दिव्यात तेल घालायला गेल्या होत्या.

वास पुरता गेल्यावर खोलीचं दार उघडलं. त्या घटासमोर बसल्या होत्या, बोटं काळी झालेली.

"आई, त्यांना काही होणार नाही," मी म्हणाले. माझाच त्यावर विश्वास नव्हता.

"तो माझा पोटचा हाय," त्या वर न बघता म्हणाल्या. "पण त्याला जगवायला तुला जाळू काय गो?"